रायपूरच्या वाटेवरील मुक्काम

नागपूरहून रायपूरला जाणारा रस्ता सुमारे २८५ किलोमीटर लांबीचा आहे. मोटारीने निघालेला मनुष्य सकाळचा चहा नागपुरास घेतो आणि दुपारचे जेवण रायपुरास. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग ही गावे त्याच्या लेखी केवळ पाट्यांवरील नावे असतात. त्याच रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या प्रवाशाला मात्र ही गावे अगदी निराळी भासतात. तो दिवसाकाठी सत्तर-ऐंशी किलोमीटर मजल मारतो. त्यामुळे वाटेत त्याला तीन रात्री काढाव्या लागतात. ऊन उतरू लागले की चढ किती आणि वारा कोणीकडचा हे प्रश्न मागे पडून एकच प्रश्न उरतो : आज पाठ कोठे टेकायची?

हा प्रश्न सायकलीहून फार जुना आहे. रेल्वे येण्यापूर्वी या वाटेवरील प्रत्येक प्रवासी तो विचारीत असे. अंतर मोजण्याचे माप कोस, पण प्रवास मोजण्याचे माप मुक्काम, असा तो काळ होता. लादलेली बैलगाडी दिवसाला जेमतेम पाच-सहा कोस चाले. जगन्नाथपुरीला निघालेले यात्रेकरू, रतनपूरच्या दरबारी कामासाठी जाणारे कारकून, छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवर घालून पश्चिमेकडे नेणारे आणि परत येताना मीठ आणणारे वंजारी हे सारे मजल दरमजल करीत या वाटेने चालत. वंजाऱ्यांनी निवाऱ्याचा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. ते गोण्यांची भिंत रचून आणि कुत्री राखणीला ठेवून उघड्या माळावरच उतरत. इतरांना मात्र कोणाच्या तरी दारी जाणे भाग होते.

अशी दारे मुख्यतः तीन प्रकारची होती : देवाचे, राजाचे आणि गृहस्थाचे. या तिन्ही दारांचा इतिहास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. रात्रीच्या मुक्कामाचे सुख खाट-गादीपेक्षा दुसऱ्याच दोन बाबींवर अवलंबून होते : ते दार कोणासाठी उघडते, आणि आतील सोयीचा भार कोण सोसतो.

देवाचे दार सर्वांत जुने. मराठी मुलखात परगावचा माणूस सायंकाळी गावात आला, की त्याची पावले मारुतीच्या देवळाकडे किंवा चावडीकडे वळत. पेशवाईतील गावच्या हिशेबांत ‘गावखर्च’ या सदराखाली गोसावी, फकीर आणि अतीत-अभ्यागत यांच्यावरील खर्चही पडे. म्हणजे पांथस्थाला घातलेली भाकरी हा कोणा एकाचा उपकार नसून साऱ्या गावाचा रीतसर खर्च होता. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले आणि पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला. मराठी माणसाचे या वाटेवरील येणे-जाणे त्या काळात वाढले. रायपुरात दूधाधारी मठासारखी वैष्णव स्थाने होतीच. केवळ दुधावर राहणाऱ्या बलभद्रदास महंतांवरून या मठाला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. मठात उतरणाऱ्यास निवारा आणि अन्न दोन्ही मिळत. त्याचा भार मठाला लाभलेल्या इनामांवर, म्हणजे अखेर शेत कसणाऱ्या कुळांवर पडे.

त्या शतकाच्या अखेरीस या मुलखातून गेलेल्या दोन इंग्रज प्रवाशांची टिपणे आज उपलब्ध आहेत. १७९० मध्ये कटकहून नागपूरला गेलेल्या लेकीला रायपूर हे धनिक व्यापाऱ्यांचे मोठे गाव दिसले. १७९५ मध्ये आलेल्या कॅप्टन ब्लंटने तेथील घरांची, त्याच्या शब्दांत झोपड्यांची, संख्या तीन हजार अंदाजली आणि किल्ल्याच्या भिंती ढासळत चालल्याचे नोंदवले. असे प्रवासी आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत. तंबू, नोकर आणि शिपाई बरोबर असल्यावर कोणाचे दार ठोठावण्याचे कारण पडत नाही. मात्र साधा वाटसरू ज्या पडवीत निजे, तिची हकिकत अशा टिपणांत सहसा सापडत नाही.

१८१८ मध्ये छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला व मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नावाने नागपूर-रायपूर मार्ग बांधून काढण्यात आला. मध्य प्रांताच्या मुख्य रस्त्यांवर पडावाची मैदाने, सराया आणि डाकबंगले उभे राहू लागले. राजाचे दार आता नियमांच्या चौकटीत आले. १८६७ चा सराई कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सराईची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे झाली पाहिजे; खोल्या, ओसऱ्या, विहिरी व गटारे स्वच्छ राखली पाहिजेत; राखणदार नेमला पाहिजे; साथीचा रोगी आढळल्यास वर्दी दिली पाहिजे; आणि दरांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावला पाहिजे, असे बंधन या कायद्याने सराईवाल्यावर घातले. वाटसरूला धर्म म्हणून मिळणारी गोष्ट येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडली गेली.

डाकबंगल्याची रीत याहून निराळी होती. दोन-तीन खोल्या, रुंद व्हरांडा, एक खानसामा, एक चौकीदार आणि नाव, हुद्दा व शेरा लिहिण्याची वही, एवढा त्याचा संसार. प्रवाशाने ठरीव भाडे द्यावे आणि चोवीस तास झाल्यावर नवा प्रवासी आल्यास त्याला जागा करून द्यावी, असा सर्वसाधारण नियम असे. साहेब येताना दिसला की अंगणात कोंबडीमागे धावाधाव सुरू होई आणि तासाभरात तीच कोंबडी ताटात येई. या विनोदाला त्या काळच्या प्रवासवर्णनांत तोटा नाही. तथापि याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. अधिकाऱ्यांचा तळ पडला, की आसपासच्या गावांतून दूध, लाकूडफाटा, गवत आणि गाड्या पुरवाव्या लागत. रसद आणि बेगार या दोन शब्दांची दहशत खेड्यापाड्यांत होती. साहेबाच्या सुखाच्या झोपेची किंमत पुष्कळदा अशा माणसाने भरलेली असे, ज्याला त्या बंगल्याची पायरीही चढता येत नव्हती.

बैलगाडीच्या त्या काळाची एक आठवण रायपूर आजही जपते. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढील काळचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबासह रायपुरास आला. आगगाडीचा रस्ता संपल्यावर त्याला पंधरा दिवसांहून अधिक काळ बैलगाडीने जावे लागले. वाटेत डोंगराच्या कपारीतील प्रचंड मधाचे पोळे पाहून आपले भान हरपल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. पाच-सहा वर्षांनी तो निघाला असता, तर ती कपार कदाचित त्याच्या दृष्टीसही पडली नसती. कारण १८८२ पर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत येऊन ठेपली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली, रायपूरला नेली आणि १८९१ पर्यंत कलकत्त्याच्या मार्गाला जोडली. पंधरा मुक्काम एका रात्रीत मावले. अर्थातच वाटेवरील सरायांचे महत्त्व ओसरले आणि धर्मशाळा स्टेशनांच्या आसपास बांधल्या जाऊ लागल्या.

नेमक्या याच काळात सायकल अवतरली. समान चाकांची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात बाजारात आली आणि हवेची धाव १८८८ मध्ये. त्याआधीच टॉमस स्टीव्हन्स हा प्रवासी उंच चाकाच्या सायकलीवरून जगप्रवासाला निघाला होता. १८८६ मध्ये तो ग्रँड ट्रंक रोडने पंजाबातून कलकत्त्यापर्यंत आला. १८९७ नंतर विल्यम व फॅनी वर्कमन या अमेरिकन दांपत्याने हिंदुस्थानात सायकलीने हजारो मैल प्रवास केला. डाकबंगले आणि स्टेशनांतील प्रतीक्षालये हा त्यांचा मोठा आधार होता. तरीही त्यांच्या ग्रंथात निवाऱ्याविषयीच्या तक्रारी वारंवार भेटतात. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले. आगगाडीने ज्यांची गरज संपवली होती, त्या मुक्कामांची गरज सायकलीने पुन्हा निर्माण केली.

तिसरे दार गृहस्थाचे. मराठी माणसाच्या प्रवासात या दाराची किल्ली म्हणजे ओळखीची चिठ्ठी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात बंडाची धामधूम आहे. पण त्या धामधुमीतही जातीच्या आणि विद्येच्या नात्याने उघडणारी घरे आणि देवळे त्यांना भेटत राहिली. रायपुरातही तात्यापारा हा मराठी वस्तीचा भाग आहे. परमुलखात अशी वस्ती असली, की नवख्याला पहिली रात्र परकी वाटत नाही.

परंतु हेच दार दुसऱ्या एका प्रवाशासाठी बंद होते, हे सांगितल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. १९०१ मध्ये लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाला. मसूर स्टेशनावरून पुढे बैलगाडीने जाताना मुलांना रात्री जकात नाक्यापाशी थांबावे लागले. जवळ अन्न होते, पण जात कळेल या धास्तीत असूनही मागितलेले पाणी मात्र कोणी दिले नाही. मुले उपाशी निजली. पुढे १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी नाव धारण करून पारशी विश्रामगृहात राहावे लागले आणि ओळख उघडी पडताच काठ्या घेऊन आलेल्या जमावापुढे ते सोडावे लागले. गोडसे भटजी आणि डॉ. आंबेडकर यांचे देश वेगळे नव्हते. त्या देशाची दारे मात्र दोघांसाठी वेगळी होती. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा स्पष्ट नामनिर्देश आला. १८६७ च्या कायद्याने सराई स्वच्छ करवून घेतली होती. ती सर्वांची करण्यासाठी आणखी ८८ वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात सायकलप्रवासाला एक नवा अर्थ देण्याचे श्रेय वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांना द्यावे लागेल. १९८५ च्या डिसेंबरात त्यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणींनी पाच हजारांहून अधिक किलोमीटर सायकल चालवली. एवढ्या मोठ्या तुकडीला रोज नव्या गावी पाठ टेकायची, म्हणजे त्या गावाने तिला आपले मानणे ओघाने आलेच. देश जोडायचा तर अनोळखी माणसाच्या गावी रात्र काढता आली पाहिजे, हे त्या यात्रेच्या प्रत्येक मुक्कामात गृहीत होते.

आज रायपूर ही १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. महामार्ग रुंद झाला असून तो अनेक गावांना बाहेरून वळसा घालून जातो. सायकलवाल्याच्या गरजा मात्र फारशा बदललेल्या नाहीत : अंग धुण्यास मुबलक पाणी, वेळेवर गरम भात-वरण, डासांपासून बचाव, सायकल आत घेता येईल एवढी जागा आणि मे महिन्याचे ऊन चढण्यापूर्वी निघता यावे म्हणून पहाटे दार उघडणारे कोणीतरी. मोठ्या उपाहारगृहात पलंग मऊ असतो, पण चिखलाने माखलेली सायकल आत घेण्यास नोकर कचरतो. सरकारी विश्रामगृहाला आगाऊ परवानगी लागते, आणि वरिष्ठ अधिकारी अवचित आले तर खोली रिकामी करावी लागते. गुरुद्वारात जात वा धर्म न विचारता लंगरात पान मांडले जाते. धाब्याच्या अंगणातील बाजेवर जेवणाच्या बिलाखेरीज निराळे भाडे पुष्कळदा पडत नाही.

म्हणून या वाटेने जाणाऱ्या सायकलस्वाराने मुक्काम निवडताना केवळ खोलीची पाहणी करून थांबू नये. दर आधी ठरवावा, पाणी पाहावे, सायकल कोठे राहील ते विचारावे. आणि सकाळी निघताना चौकीदाराचे, स्वयंपाक्याचे जे देणे असेल ते न मागता चुकते करावे. शेकडो वर्षे या रस्त्यावर एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याला राबावे लागले, आणि शेकडो माणसे दाराबाहेरच राहिली. ज्या छपराखाली कोणीही येऊ शकतो आणि ज्याचा भार कोणावर लादलेला नसतो, तेथे साध्या चटईवरही सुखाची झोप लागते.