पानसे-सुखात्मे

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत गतवैभवाची गोष्ट निघाली की ती सरदार, जयविलास आणि कृष्णराव पंडितांची गायकी एवढ्यावर येऊन थांबते. मध्य भारतातील मराठी माणसाने विज्ञानाला काय दिले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक आपल्या शहरात २००८ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि शेतीशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला आजही ज्या ग्रंथाचा हवाला द्यावा लागतो, त्याला सारे ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखतात. ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे त्याचे पूर्ण नाव. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९५४ साली प्रसिद्ध केला.

यांपैकी विनायक गोविंद पानसे हे होळकरांच्या इंदुरातले. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली उभारली. कापसाच्या वाणांवर काम करताना पानसे यांच्यापुढे प्रश्न होता तो मूळचा. एक वाण शेताच्या सखल भागात पेरला, दुसरा उंचवट्यावर. पहिल्याचे पीक अधिक आले, तर श्रेय बियाण्याचे की ओलाव्याचे? याचे उत्तर रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडात दिले होते : वाफे अनेक ठेवा, सारखी जमीन एका गटात घ्या, आणि कोणता वाण कोठे पेरायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठ्यांची गोष्ट पोरकट वाटते खरी. पण संशोधकाचा स्वतःचा कल प्रयोगातून दूर ठेवण्याचा तोच उपाय आहे. वाफे अनेक ठेवण्याचे कारण वेगळे. एकाच वाणाच्या दोन वाफ्यांत निसर्गतः किती फरक पडतो हे कळल्यावाचून दोन वाणांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही. या उरलेल्या फरकाला शास्त्रात ‘एरर’ म्हणतात. ती कोणाची चूक नव्हे. येथेच आजचे विद्यार्थी फसतात. एका रोपाची दहा पाने म्हणजे दहा रोपे नव्हेत, एका उंदराचे दहा वेळा घेतलेले रक्त म्हणजे दहा उंदीर नव्हेत. संगणक मात्र आकडे बिनतक्रार स्वीकारतो आणि उत्तरही देतो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) सातारा जिल्ह्यातील बुधचे. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले व तेथे १९३६ साली पीएच.डी. झाले. परत आल्यावर पीककापणीच्या पाहणीत त्यांनी दाखवून दिले की, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. कारण सीमेवरची ताटे कापणारा नकळत आतच धरतो. तुकडा लहान तेवढी त्याच्या मानाने सीमा मोठी. असे हजार तुकडे कापले तरी दोष जात नाही, उलट चुकीचा आकडा अधिक ठाम वाटू लागतो. महालनोबिस यांच्याशी त्यांचा याच विषयावर मतभेद झाला.

१९५१ पासून जवळजवळ दोन दशके सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. नंतर पुण्यात असताना त्यांनी वाद अंगावर घेतला तो भुकेचा. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्य मोजताना रोजचे २२५० कॅलरी हे माप धरले होते. सुखात्मे म्हणाले, हे सरासरी गरजेचे माप आहे. धडधाकट माणसांतही अनेकांची गरज सरासरीहून कमी असते, शिवाय एकाच माणसाची गरज दिवसागणिक हलते. म्हणून सीमारेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. या युक्तिवादाने देशातील उपाशी माणसांची संख्या एकदम घटली, एकाही घरात भाकरी न वाढता! टीकाकारांचा रोख तोच होता, आणि मला तो रास्त वाटतो. कमी खाऊन जगणे म्हणजे कमी गरज असणे नव्हे. मात्र सरासरीला उंबरठा समजू नये, हे सुखात्म्यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. दांडेकरही साताऱ्याचेच. ते १९९५ साली वारले आणि दोन वर्षांनी सुखात्मे गेले. वाद मागे उरला.