खोकं राहू द्या, मालक

धारूरला 2004 च्या दिवाळीत जायचं ठरवलंत, तर आधी खिसा रिकामा करा. जांभळी शंभराची नोट 2018 सालची, राखाडी पाचशेची नोटबंदीनंतरची. यातली एक जरी बाजारपेठेत काढलीत, तर दुकानदार ती उलटसुलट करून बघेल आणि शेजाऱ्याला दाखवून हसेल. फोनवरून यूपीआयनं पैसे पाठवायची सोय यायला अजून बारा वर्षं आहेत. तेव्हा जुनी जाडजूड पाचाची नाणी आणि जुन्या मालिकेतल्या निळसर शंभराच्या नोटा बरोबर घ्या. संग्रह करणारी माणसं तुम्ही, घरात कुठल्यातरी डब्यात त्या निघतीलच.

तेलगाव सोडल्यावर एसटीचा लाल डबा घाटाला लागतो. समोरच्या बाकाखाली सीताफळांची पाटी आहे आणि प्रत्येक वळणावर ती तुमच्या पायाशी येते. वर पोचलात की सवयीनं लोक महादुर्ग विचारतात. आदिलशाही सरदार किश्वरखानानं सोळाव्या शतकात बांधलेला तो किल्ला चांगला आहे, पण तो कुठं पळून जात नाही. तुम्ही ज्यासाठी आलात ते दिवाळीच्या चार दिवसांपुरतंच मांडलेलं असतं: फटाके, आकाशकंदील, पणत्या आणि त्यांच्या मागच्या फळीवर रचलेले टीव्ही गेम.

तुम्ही खोकं हातात घेता. वर शर्यतीच्या गाड्या आणि बंदूकधारी सैनिक छापलेत. त्यातलं काहीही आतल्या खेळात सापडणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कडा तपासता, कोपरे दबलेत का पाहता, मागची पट्टी वाचायला खोकं डोळ्यांजवळ नेता.

“काय बघायलाव पाव्हणं? पोराला घ्यायचाय का?”

“मलाच.”

दुकानदार तुमच्याकडे जरा जास्तच वेळ बघतो.

खोक्यातलं यंत्र निंतेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल आहे. मूळ यंत्र 15 जुलै 1983 ला जपानात आलं आणि सप्टेंबर 2003 मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं. म्हणजे तिकडे कायमचं बंद होऊन वर्ष उलटलंय आणि इथं ते यंदाच्या दिवाळीचा नवा माल म्हणून विकलं जातंय. कॅसेटला जपानी पद्धतीच्या साठ पिना, अमेरिकेतल्या यंत्राला बहात्तर लागायच्या. म्हणूनच पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली पिवळी कॅसेट तुमच्या घरच्या जपानी फॅमिकॉममध्ये नीट बसते. ती उघडलीत, तर बहुतेकदा चिपच्या जागी हिरव्या पट्टीवर काळा डांबरासारखा ठिपका दिसतो. उघडी चिप थेट पट्टीवर जोडून वरून राळ ओतायची, की चिपच्या वेष्टणाचा खर्च वाचतो. अशी कॅसेट बिघडली की दुरुस्ती नाही, गेली की गेली. लेबलवर ‘9999 इन 1’ लिहिलंय, आत खेळ मूठभर. तेच खेळ वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू करून यादी लांबवलेली.

आता जीव घट्ट करा. “चेक करून देतो,” म्हणत मालक खोक्याचं झाकण टर्रकन फाडतात. छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मारिओ उडी मारतो. “चालूय.” यंत्र, दोन रिमोट, गन, अडॅप्टर, कॅसेट, सगळं कॅरीबॅगमध्ये जातं आणि खोकं मागच्या कचऱ्यात.

“खोकं राहू द्या, मालक!”

“काय करता? दूध देणाराय का ते?”

काय सांगणार? वीस वर्षांनी संग्राहक यंत्रापेक्षा खोक्याला जास्त मोजतील, हे म्हणायची ही जागा नव्हे. मला विचाराल तर मालकाचंही चुकत नाही, ते खोकं फेकण्यासाठीच बनलेलं होतं. पण अडचण अशी, की या नकलांचं नाव दर दिवाळीला बदलायचं, कुठल्या कारखान्यातून काय आलं याची धड यादी कुणी ठेवली नाही. खोक्यावरची पट्टी हाच त्यांचा सातबारा. तुम्ही वाकून ते झाकण उचलता, घडी घालून खिशात ठेवता. दुकानासमोर उभी असलेली तीन-चार पोरं हे सगळं पाहतायत.

“काका, कुठली कॅसेट हाय त्यात? घरी टीव्ही हाय, चला.”

घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. डबा टीव्हीवर चॅनेल पकडेपर्यंत मुंग्या, मग एकदम निळं आकाश. पहिली मागणी गनची, बदकं मारायला. एक जण पडद्याला नळी टेकवूनच मारतो. आजी ओरडतात, “डोळे फुटतील, मागं सर.” घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. गनच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला त्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडलं. गोळी गनमधून सुटते असं पोरांना वाटतं, खरं तर टीव्हीच गनला काहीतरी सांगत असतो. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि गन आंधळी होते. म्हणून तर तुमच्या घरी आजही तो जड डबा टीव्ही कोपरा अडवून बसलाय.

दुसरी कॅसेट लागत नाही. पोरगं ती काढून जोरात फुंकतं. तुमच्यातल्या जाणकाराला राहवत नाही: “फुंकू नये रे, थुंकीनं पिना गंजतात. काढून परत लावली म्हणून चालते, फुंकल्यानं नाही.”

“मग तुम्ही लावा.”

तुम्ही न फुंकता लावता. लागत नाही. पोरगं फुंकून लावतं, लागते. यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

तेवढ्यात लाइट जाते. परळीचं वीज केंद्र याच जिल्ह्यात, तरी ही गत. बाहेरच्या उजेडात, ओट्यावर सतरंजी अंथरली जाते आणि आता खरा बाजार सुरू होतो. प्रत्येकाच्या पिशवीतून कॅसेटी निघतात. काहींवर खिळ्यानं कोरलेलं नाव, एकीवर आईच्या नेलपॉलिशनं काढलेली चांदणी, बऱ्याचशांचं लेबल केव्हाच गेलेलं. तुमच्या शेल्फावर असा माल ‘खराब’ या खणात गेला असता.

त्यातल्या एकाचे आईबाप परवा मुकादमाच्या ट्रकनं कोल्हापूरकडे ऊसतोडीला निघणार आहेत. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मागोमाग तोही. त्याच्या तीन कॅसेटी आज वाटल्या जातायत.

“ही विकतोस का?” तुम्ही कॉन्ट्राच्या कॅसेटवर बोट ठेवता.

“विकायची न्हाई. पट्टा पडला की येतो ना मी. तवर मामाच्या पोराकडं ऱ्हाईल.”

कारखाना बंद होऊन पट्टा पडेपर्यंत गुढीपाडवा उजाडतो. तेवढे महिने ती कॅसेट दुसऱ्याच्या घरी खेळली जाणार, आणि त्याबद्दल त्यालाही दुसऱ्याची एक मिळाली आहे. टीव्ही नसेल तिथं ती घेऊन तो काय करणार, हे त्याला कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. ती त्याची आहे, एवढं पुरतं.

मग तो दप्तरातून वही काढतो. मागच्या पानांवर रेघा आखून रकाने केलेत: कॅसेट, कुणाची, कुणाकडं. खोडलेल्या ओळींपुढे कारणं लिहिलीत: बिघडली, पाण्यात पडली, आत्याच्या गावी ऱ्हायली. कॉन्ट्रापुढे बारीक अक्षरात ‘30 लाइफ’ आणि खाली बाणांची रांग, वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे. प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतोनं 1986 च्या ग्रॅडियस या खेळासाठी घातलेली ही चोरवाट धारूरपर्यंत कुणाच्या तोंडून आली, देव जाणे. पण ज्या यादीअभावी तुम्ही मघाशी कचऱ्यातून झाकण उचललंत, तशी यादी इथं गणिताच्या वहीत नांदतेय.

“हे पान देतोस?”

पोरं एकमेकांकडे बघतात. खोक्यामागं धावणारा माणूस आता वहीच्या पानावर आलाय.

“पान कशाला, अख्खी वही न्या. पण नवी दोनशे पानी आणून द्या आधी, सगळं उतरून घ्यावं लागंल.”

तुम्ही चपला घालून गल्लीतून निघता, तोच मागून हाक येते, “काका, रेघावाली आणा, कोरी चालत न्हाई!”