पोलिसी बलप्रयोग व वर्णभेद, अमेरिकेतील
अटक करताना पोलिसांनी किती बळ वापरावे, यासंबंधी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ चालत आलेला वाद. जुन्या इंग्रजी रूढिविधीनुसार गंभीर गुन्ह्यातील पळत्या संशयितास ठार मारणेही क्षम्य असे. अशा बहुतेक गुन्ह्यांना देहदंड असण्याच्या काळातील हा नियम. देहदंड गेला, नियम मात्र राहिला. १९७४ मध्ये मेम्फिस येथे कुंपण चढून पळणारा १५ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मरण पावला. याच प्रकरणी (टेनेसी वि. गार्नर, १९८५) सर्वोच्च न्यायालयाने केवळ पळण्यावरून गोळी घालणे घटनाबाह्य ठरविले. ग्रॅहम वि. कॉनर (१९८९) खटल्यात गुन्ह्याचे गांभीर्य, तात्कालिक धोका व अटकेस प्रतिकार या कसोट्या सांगितल्या गेल्या. त्या प्रसंगस्थळीच्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने लावावयाच्या होत्या. त्यामुळे ‘प्रतिकार’ या शब्दास निर्णायक महत्त्व आले, आणि त्याचे पहिले वर्णन बहुधा पोलिसांचेच असते. लॉस अँजेल्समधील रॉडनी किंग यास १९९१ मध्ये झालेल्या मारहाणीची चित्रफीत उपलब्ध होती. परंतु बचावपक्षाने तिच्यातच त्याचा प्रतिकार दाखविला. १९९२ मध्ये ज्यूरीने पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त करताच उसळलेल्या दंगलीत ५० हून अधिक लोक मृत्यू पावले. मिनीॲपोलिसमधील जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूविषयी (२०२०) पोलिसांच्या पहिल्या निवेदनात प्रतिकाराचा उल्लेख होता, मानेवरील गुडघ्याचा नव्हता. तो एका वाटसरू मुलीच्या चित्रणाने उघड केला. २०२१ मध्ये संबंधित पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला.