निखाऱ्यापासून वाफेपर्यंत

आपला ‘इस्त्री’ शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. तिथे ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे. आजीची इस्त्री कोळशाची होती. निखारे घालण्याआधी ती इस्त्री उलटी करून झटकायची, आत एखादी मुंगी असेल म्हणून.

१८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. पुढे घरातले निखारे हळूहळू गेले. युक्ती मात्र तीच राहिली: ओलावा आणि उष्णतेने सुती धागा सैल होतो, सुकताना सरळ बसतो. स्टीमरही तेच करतो, फक्त दाब न देता.

निखारा गेला, तरी अग्नी आणि पाणी लागतेच. म्हणून मी टाकीत गाळलेलेच पाणी घालते, तेही लागेल तेवढेच. साधन बदलले, आजीचे झटकणे विसरू नये.