चांद्याच्या भट्टीतले लोखंड आणि पायातली प्लेट

"डॉक्टर, प्लेट कच्च्या लोखंडाची होती का?" एका शेतकऱ्याने एक्स-रेकडे बघत मला विचारले. चैत्रात नडगीचे हाड मोडले म्हणून त्याला स्टीलची प्लेट बसवली होती. हाड पूर्ण जुळायच्या आत, आषाढात, तो धानाच्या रोवणीसाठी बांधीत उतरला आणि प्लेट तुटली. असा प्रश्न तुमच्याही मनात येऊ शकतो. त्याचे उत्तर आपल्याच भागातल्या जुन्या लोखंडापासून सुरू केले, तर लवकर पटते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे 1982 पर्यंत एकच जिल्हा होते. लोहारा, देवलगाव, सूरजागड ही इथली लोहखनिजाची ठिकाणे. विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नाईकुंडला 1978 ते 80 च्या उत्खननात तशी भट्टीच सापडली.

मातीच्या भट्टीत खनिज आणि लोणारी कोळसा घालायचा आणि भात्याने वारा द्यायचा, अशी ती रीत. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. तेवढी उष्णता या भट्टीत होत नसे. त्यामुळे लोखंड न वितळता स्पंजासारखा गोळा होई. खनिजातली वाळू-माती मात्र वितळून मळी होई. गोळा तापवून घणाने ठोकला की मळी पिळून निघे, पण सगळी नाही. शंभर भागांत एक ते तीन भाग आतच राहत. (आयुर्वेदातला मंडूर म्हणजे हीच जुनी मळी, तिचे भस्म पांडुरोगावर देतात. पण रक्त कमी आहे म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. आधी तपासणी करा.)

म्हणजे हे लोखंड कधीच निव्वळ धातू नव्हते, त्यात खनिजाचे कण होते. तरीही त्याचे फाळ आणि कुऱ्हाडी चालत, कारण ठोकताना ते कण लांब धाग्यांसारखे ओढले जात. बांबू आठवा. तो लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही, पण कोयता उभा घातला की सहज चिरतो. या लोखंडाचेही तसेच होते. मळीच्या धाग्यांच्या दिशेने ताण आला तर ते टिके, आडवा ताण आला तर धाग्याच्या कडेने तडा जाई. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकचे काही रिव्हेट समुद्रातून काढून तपासले, तेव्हा त्यांत मळी जवळजवळ तिप्पट निघाली. रिव्हेटच्या डोक्यापाशी तिचे धागेही आडवे वळलेले होते.

बाहेरून येणारे स्वस्त लोखंड आणि 1878 चा जंगल कायदा यांनी अशा गावभट्ट्यांची कोंडी केली. 1882 मध्ये फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडाची अहवालात वाखाणणी केली. तो वाचून नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा ठरला नाही, आणि कारखाना पुढे साकचीला गेला.

आता तुमच्या प्लेटकडे येऊ. तिचे स्टील निर्वात भट्टीत पुन्हा वितळवून शुद्ध करतात, कारण असा एखादा मोठा कणही तड्याची सुरुवात ठरू शकतो. पण प्लेट तुटण्याचे नेहमीचे कारण कण नसतो. तार हजारदा वाकवली की जशी तुटते, तशीच प्लेटही तुटते. हाड जुळण्याआधी टाकलेले प्रत्येक पाऊल तिला किंचित वाकवते आणि बहुधा स्क्रूच्या भोकापाशी तडा सुरू होतो.

खनिज धातूत नेहमी वाईटच असते असेही नाही. आपल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजच आहे. ते अतिसूक्ष्म कणांनी कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांत बसलेले असते. धातूतही कण बारीक आणि सारखे पसरलेले असतील, तर ते धातूच्या थरांचे घसरणे अडवतात आणि बळ वाढते. गुठळ्या झाल्या की मात्र तिथूनच तडा जातो. मॅग्नेशियममध्ये हाडातल्याच खनिजासारखे कण मिसळून, शरीरात हळूहळू विरघळेल असा धातू करण्याचे प्रयोग चालू आहेत. मॅग्नेशियमची पहिली प्लेट लाम्बोत या बेल्जियन सर्जनने 1907 च्या सुमारास बसवली होती. ती आठ दिवसांत विरली आणि कातडीखाली वायू साठला. आता मिश्रधातूचे सुधारलेले स्क्रू युरोपात 2013 पासून मिळतात. खनिजकणांचे धातू अजून प्रयोगशाळेत आहेत.

त्या शेतकऱ्याला दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागले. या वेळी त्याने रोवणी भावावर सोपवली, दर महिन्याला एक्स-रे काढला, आणि हाडावर नवे हाड धरलेले दिसल्यावरच कुबडी सोडली. तुमच्या पायात प्लेट असेल आणि तिथे अचानक नव्याने दुखू लागले किंवा सूज आली, तर पायावर भार न टाकता त्याच दिवशी दाखवायला या.