सर्पगंधा आणि तांदळाचा डबा

गिरगावातील माझ्या मावशीच्या बिऱ्हाडात काकांची रक्तदाबाची गोळी रेडिओवर, आल्यागेल्याला दिसेल अशी, उघडी पडलेली असे. आणि मावशीची औदासीन्यावरची इमिप्रामिनची गोळी मात्र वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्याच्या तळाशी. या दोन गोळ्यांची कुळकथा एकमेकींत गुंतलेली आहे, आणि दोहोंत वेडाशी जुना संबंध काकांच्या गोळीचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

काकांची गोळी रिसर्पिनची, म्हणजे सर्पगंधेच्या मुळीतून काढलेली. ही मुळी बिहारकडे 'पागल की दवा' या नावानेच विकली जाई. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरचा तिचा गुण नोंदवला. आणि १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमधील निबंधाने तिचा रक्तदाबावरील उपयोग पाश्चात्त्य वैद्यकापुढे सप्रमाण ठेवला. पुढे न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयात नॅथन क्लाइन यांनी ती पुन्हा मनोरुग्णांकडे वळवली. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते.

परंतु रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल खिन्नतेने ग्रासल्याच्या नोंदी होऊ लागल्या. तिकडे १९५२ मध्ये स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू इस्पितळात इप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध घेणारे, मरणपंथाला लागलेले रुग्ण भूक लागून, हसूबोलू लागून उठून बसले होते. आणि ते औषध आधी दिलेले प्राणी रिसर्पिनने सुस्त पडण्याऐवजी उलट तरतरीत होतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले. या दोन गोष्टींची सांगड घालून क्लाइन यांनी ते औदासीन्यावर योजले. त्याच १९५७ साली स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण झुरिकच्या जागतिक परिषदेत सांगितला, तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते.

मग तांदळाचा डबा कशासाठी? माझ्या मते मावशीला भय गोळीचे नव्हते, ठाण्याचे होते. १९०१ पासून तेथे उभे असलेले मनोरुग्णालय आपल्या बोलीत असे मुरले की 'याला ठाण्याला पाठवा' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. १९१२ च्या कायद्याने वेड ठरले की रुग्ण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने आत जाई. दुखण्याची कैफियत अशी कचेरीच्या दप्तरात शिरली, आणि बाहेर सुखाने घर चालवणाऱ्या बाईची साधी गोळीही त्या दप्तराचा दाखला ठरली.

मावसबहिणीला पाहायला मंडळी येणार, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी मावशीची गोळी एकाएकी बंद केली. ही औषधे टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चार दिवसांत तिला गरगरू लागले, मळमळू लागले, झोप उडाली. 'बघा, सवयच लागली होती!' असा निर्वाळा देऊन सगळ्यांनी मान हलवली, आणि पुन्हा तिने ती मागितली नाही. काकांची गोळी त्या धांदलीतही एक दिवस चुकली नाही. रोज सकाळी ती पाण्याच्या भांड्यासकट त्यांच्या हातात नेऊन देणारी मावशीच होती.