येंटलचे हृदय : बायपास शस्त्रक्रियेच्या इतिहासातील स्त्री

वैद्यकाचा इतिहास वाचताना साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष आधी वर्णनाकडे जाते. रोगाचे मूळ वर्णन कोणाचे शरीर समोर ठेवून झाले, हा प्रश्न आपल्या सवयीचाच आहे. हृदयविकाराबाबत त्याचे उत्तर स्पष्ट मिळते. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये ज्या छातीच्या वेदनेला ‘अँजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले, तिचे सुमारे १०० रुग्ण त्यांनी पुढे नोंदविले. त्यांत स्त्रिया ३, बारा वर्षांचा एक मुलगा आणि बाकी सारे पन्नाशीच्या आसपासचे वा त्यापुढचे पुरुष. चढण चढताना छाती आवळली जाणारा आणि थांबताच मोकळा होणारा हा पुरुषच पुढे दोन शतके या रोगकथेचा नायक राहिला.

गंमत अशी की बायपासच्या कथेत स्त्री अगदी आरंभीच येते. न्यूयॉर्कमध्ये १९६० साली आणि लेनिनग्राडमध्ये १९६४ साली तुरळक प्रयत्न झाले होते. परंतु ही शस्त्रक्रिया जगभर रुजली ती अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांच्या पद्धतीमुळे. मे १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांनी पायातील शीर काढून हृदयाच्या बंद पडलेल्या धमनीला जोडली. ती रुग्ण ५१ वर्षांची स्त्री होती.

मात्र या शस्त्रक्रियेची उपयुक्तता तपासण्याची वेळ आली तेव्हा स्त्री जवळजवळ नाहीशी झाली. नुसते औषधोपचार बरे की बायपास, हे ठरविणाऱ्या सत्तरच्या दशकातील तीन मोठ्या चाचण्यांपैकी अमेरिकी माजी सैनिकांची आणि युरोपातील अशा दोन केवळ पुरुषांवर झाल्या. तिसरीतही दहांतले नऊ पुरुषच होते. अशा सात चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील २६४९ रुग्णांत पुरुष सुमारे ९७ टक्के होते.

शस्त्रक्रियागृहात मात्र स्त्रिया येतच होत्या, आणि अधिक प्रमाणात दगावत होत्या. १९८२ च्या एका अमेरिकी अहवालात शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत १.९, तर स्त्रियांत ४.५ टक्के आढळले. लहान चणीमुळे धमन्याही बारीक, म्हणून जोडकाम अवघड, हे एक कारण पुढे आले आणि ते खोटे नाही. पण शरीराकडे बोट दाखविले की इतर प्रश्न विचारावे लागत नाहीत, हेही खरे. स्त्रिया शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत होत्या त्या अधिक वयाच्या आणि अधिक आजारी होऊन. १९८७ च्या एका अभ्यासात हृदयाची प्राथमिक चाचणी सदोष आलेल्या पुरुषांपैकी ४० टक्क्यांना पुढील तपासणीसाठी पाठविले गेले होते. स्त्रियांपैकी ४ टक्क्यांना.

या अवस्थेला नाव मिळाले ते कथेतून. आयझॅक बाशेविस सिंगर यांची येंटल ही पोलंडमधील ज्यू मुलगी. तालमूद शिकता यावे म्हणून ती पुरुषवेष घेते. हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्ये ‘येंटल सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग केला. आपले हृदय पुरुषाइतकेच बिघडले आहे हे सिद्ध केल्यावरच स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळतात, असे त्यांचे म्हणणे. संपादकीयातले हे रूपक पुष्कळ आकडेवारीपेक्षा अधिक टिकले, याची नोंद साहित्याच्या माणसाने अवश्य घ्यावी.

आकडेही फारसे हललेले नाहीत. २०११ ते २०२० या काळातील सुमारे १३ लाख अमेरिकी रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण स्त्रियांत २.८, पुरुषांत १.७ टक्के, आणि दशकभरात हे अंतर कमी झाल्याचे दिसले नाही. छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरून केलेला जोड शिरेपेक्षा जास्त टिकतो. तोही स्त्रियांच्या वाट्याला कमी येत आला आहे.

शब्दांत मात्र थोडा बदल झाला. स्त्रियांच्या तक्रारींना वर्षानुवर्षे ‘अटिपिकल’, म्हणजे नमुन्याबाहेरच्या, म्हटले जाई. वास्तविक छातीतील वेदना ही स्त्रियांतही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. तिच्या जोडीला मळमळ, धाप, थकवा अधिक वेळा असतात, इतकेच. छातीच्या दुखण्याबाबतच्या २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने हे विशेषण वापरू नये असे सुचविले आहे.